निमतानदार आबांची सही

निमतानदार आबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते विहिरीत होते. चांदवड तालुक्यातल्या एका शेतात दोन चुलतभावांचा बांधावरून वाद होता. मला नोकरीला लागून चारच महिने झालेले, माझी मोजणी एका भावाला मान्य नव्हती, म्हणून त्याने वर अर्ज केला आणि नाशिकहून निमतानदार आले. आमच्या मोजणीच्या खात्यात पहिल्या मोजणीवर हरकत आली की ती पुन्हा तपासायला जो अधिकारी येतो, त्याला निमतानदार म्हणतात. मी धावतपळत शेतात पोचले तर विहिरीच्या काठावर आठदहा माणसं वाकून बघत उभी होती, आणि खाली, कमरेला दोर बांधलेला, चोपन्न वर्षांचा एक माणूस भिंतीतल्या दगडावर हात ठेवून उभा होता.

"दगड आहे," खालून आवाज आला. "लिहून घ्या बाई. जुन्या हद्दीचा दगड, विहिरीच्या बांधकामात बसवलेला, समक्ष पाहिला."

मी वरूनच तो दगड पाहिला होता आणि माझ्या नकाशात दाखवलाही होता. पण माझ्याकडून तो दीड हात इकडे दाखवला गेला होता, कारण वरून बघताना कोन चुकतो. आबा वर आले, पँट पिळली, आणि मला ओरडतील म्हणून मी उभी होते तर म्हणाले, "दोर नव्हता का तुमच्याकडे?" मी नाही म्हटलं. "मग दोर आणायचा," एवढंच बोलले आणि झाडाखाली जाऊन डबा सोडला.

पुढे माझी बदली नाशिकला झाली आणि मी त्यांच्याच हाताखाली आले. कार्यालयात त्यांच्या या सवयीची सगळे थट्टा करायचे. हद्दीचा दगड असो, लोखंडी खुंटी असो, बांधावरचं जुनं झाड असो, त्याला हात लावल्याशिवाय आबा 'आढळला' हा शब्द लिहीत नसत. काटेरी झुडपात दगड दिसत असला तरी झुडूप तोडून आत जात. एकदा दगडावर मधमाश्यांचं पोळं होतं, तर ते संध्याकाळपर्यंत थांबले आणि गावातल्या जाणत्या माणसाकडून पोळं हलवून मग हात लावला. मी म्हटलं, "आबा, दिसतोय की तो समोर." ते म्हणाले, "दिसतोय ना, मग 'दिसला' असं लिहा. 'आढळला' लिहायचं तर जावं लागेल."

'अंदाजे', 'बहुधा', 'सर्वसाधारणपणे' हे शब्द माझ्या अहवालात सापडले की ते शिसपेन्सिलीने त्यांच्याभोवती गोल करत आणि कागद परत देत. रागावत नसत. माझं नाव घेऊन कधी बोलले नाहीत, शेवटपर्यंत मी 'शेळकेबाई'च होते, आणि ती हाक ते अशा सरळ सुरात मारत की मला कधी त्यात परकेपण वाटलं नाही.

दुसरी सवय जेवणाची. मोजणीला गेलं की कुणाच्या घरचं पाण्यापलीकडे काही घ्यायचं नाही. शेतकरी आग्रह करतात. त्यात लाच असते असं नाही, उन्हात आलेल्या माणसाला विचारायची रीत असते. माझ्या माहेरी चांदवडला कांद्याच्या शेतात कुणीही आलं तरी आई चहा ठेवायचीच. पण आबा दोन्ही बाजूंना हात जोडून सांगत, "माझा डबा आहे," आणि लांब जाऊन बसत. डब्यात बाजरीची भाकरी, सुकी भाजी आणि लसणाची चटणी. काकू, म्हणजे आबांच्या पत्नी, मी बरोबर असले की दोन भाकऱ्या जास्तीच्या देत. मला वाटायचं, हा नि:पक्षपातीपणा आहे. ते खरंही होतं, पण पुरतं खरं नव्हतं.

आबांचं घर देवळाली कॅम्पला होतं, स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर. लष्कराचा तोफांचा सराव सुरू झाला की खिडकीच्या काचा थरथरत आणि बोलणारी माणसं क्षणभर थांबून पुन्हा तिथूनच सुरू करत. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, आणि त्यांच्या खाली एक लहानसा, कडा पिवळ्या पडलेला फोटो, त्यांच्या आजोबांचा. डोक्याला मुंडासं, हातात काठी. एकदा मी विचारलं तेव्हा आबांनी सांगितलं.

"आमच्या आजोबांना गावात पाणी वरून ओतून देत. हात लागू देत नसत. पण दोन गावांत शिवेचं भांडण लागलं की सगळं गाव त्यांच्यामागे चालायचं. शीव कुठून जाते ते आमच्या लोकांना माहीत असायचं, ते आमचं कामच होतं. आजोबा चालत गेले, काठी टेकवली आणि म्हणाले 'इथं', की पाटील त्यावर बोलत नसे. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या तोंडी शब्दावर जेवढं चालायचं तेवढं आज माझ्या सहीशिक्क्यावर चालत नाही." हे सांगताना आवाजात कडवटपणा नव्हता आणि अभिमानही फार नव्हता. घडलं ते सांगितलं, इतकंच.

हद्दीचा इतिहास सांगायला मात्र त्यांना आवडायचं. सुरगाण्याच्या बाजूला एसटीने जाताना घाट लागला की खिडकीकडे बोट करून सुरू होत. पलीकडे गुजरात. पण ही रेष गुजरातसाठी किंवा महाराष्ट्रासाठी कुणी आखलेली नव्हती. इकडे एक संस्थान होतं, तिकडे दुसरं. दोघांत सागाच्या जंगलावरून आणि गवतावरून कटकटी होत. मग इंग्रज साहेब आले, त्यांनी साखळ्या टाकल्या, टेकड्यांवर निशाणं उभी केली, दगड रोवले, दगडांना नंबर घातले. दगड कुणी हलवला तर कळावं म्हणून खाली खड्ड्यात कोळसा पुरला. कोळसा कुजत नाही. पुढे राजे गेले, साहेब गेले, मराठी आणि गुजराती राज्यं वेगळी झाली, आणि दोन राजांनी आपापलं रान सांभाळण्यासाठी मान्य केलेली रेष दोन राज्यांची सीमा झाली. "म्हणजे बघा शेळकेबाई," ते म्हणत, "कुणाचं पोरगं कुठल्या शाळेत जाईल, कुणाला कुठला दाखला मिळेल, हे कुणाच्या सागवानावरून ठरलं."

त्या बाजूचा एक अर्ज त्यांच्या टेबलावर आला तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. सुरगाणा तालुक्यात अगदी सीमेला लागून एक पाडा आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही, वरचा पाडा म्हणते. बावीस घरं, सगळी कोकणा समाजाची. घरं महाराष्ट्रात, मतदान महाराष्ट्रात, रेशनकार्ड महाराष्ट्राचं. पण पाड्याच्या पश्चिमेला, दोन टेकड्यांच्या मधल्या उतारावर, हे लोक तीन पिढ्या जी जमीन कसत होते तिचे वनपट्टे काही केल्या मंजूर होत नव्हते. आपल्याकडचं कार्यालय म्हणायचं, नकाशाप्रमाणे ही जमीन गुजरातेत आहे. गुजरातचं कार्यालय म्हणायचं, आमच्या कागदात असं गावच नाही. जानकीबाई नावाच्या बाईने पाड्यातर्फे अर्ज केला होता की हद्द पुन्हा मोजा.

आबांच्या टेबलावर कागद एका दिवसापेक्षा जास्त राहत नसे. हा अर्ज दोन दिवस पडून राहिला. मी आठवण केली तेव्हा त्यांनी तो उघडला, गावाचं नाव पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, "सोमवारी जाऊ. मोजणीचं मशीन घ्या. जुन्या हद्दीच्या नोंदींचं बाड मी काढतो."

सोमवारी आम्ही निघालो. एसटीत ते एरवीसारखे बोलले नाहीत. घाट उतरल्यावर एकदम म्हणाले, "मी या पाड्यावर एकदा आलो आहे. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. दोन्ही राज्यांनी ठरवलं होतं, जोडीने फिरून सीमेचे सगळे दगड बघायचे. आमच्याकडून मी, त्यांच्याकडून नटूभाई म्हणून एक सर्व्हेअर. चांगला माणूस. त्याच्या गोष्टी ऐकत आम्ही महिनाभर चाललो. इथे आलो तेव्हा मला ताप भरला होता."

"मग?"

"अठरा नंबरचा दगड टेकडीच्या माथ्यावर होता. आम्ही वर गेलो नाही. खालीच बसून लिहिलं, 'दगड जागेवर, सुस्थितीत आढळला.' दोघांनी सह्या केल्या."

  माझ्या पहिल्या मोजणीत दीड हाताची चूक काढणारा हा माणूस, आणि तो सरळ खिडकीबाहेर बघत हे सांगत होता.

"असेलच दगड, असं धरून चाललो," ते म्हणाले. "आता बघू."

पाड्यावर जानकीबाई वाट बघत होती. तिशीची असेल, बारीक अंगाची, हातात प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद नीट लावलेले. घरात ते त्यांची कोकणा बोली बोलायचे, आमच्याशी बोलताना ती मराठी जरा जपून वापरायची. तिचे सासरे लहानूबाबा ओट्यावर बसले होते, आबांच्याच वयाचे. त्यांनी आबांकडे बघितलं, रामराम केला आणि दुसरीकडे बघायला लागले.

आम्ही आधी नकाशातला अठरा नंबर गाठला. तो पूर्वेच्या, धाकट्या टेकडीवर होता. सगळे नवे नकाशे याच दगडावरून काढलेले. मी मशीन लावलं, आकडे घेतले. सतरा आणि एकोणीस नंबरचे दगड ओढ्याकाठी शाबूत होते, पण तिथपासूनची अंतरं जुन्या बाडाशी जुळेनात. आबा दगडापाशी गुडघ्यावर बसले. हात फिरवला. चारही बाजू चाचपल्या. नंबर नव्हता. घडणही वेगळी. मग ते तसेच बसून राहिले, एवढा वेळ की जानकीबाईने मला खुणेने विचारलं, बरं वाटत नाही का त्यांना?

"हा हद्दीचा दगड नाही," शेवटी ते म्हणाले. "जुन्या जंगलवाटेचा आहे. कुणीतरी मागाहून आलं, कागदात वाचलं की अठरा नंबर सुस्थितीत आहे, शोधला, हा सापडला, आणि हाच धरला." काय झालं ते माझ्याही ध्यानात आलं. खरा दगड पश्चिमेच्या मोठ्या टेकडीवर असायला हवा होता. रेष पूर्वेकडे सरकली होती आणि मधला सगळा उतार कागदोपत्री गुजरातेत गेला होता.

आम्ही खाली आलो. आबा ओट्यावर लहानूबाबांच्या समोर बसले, खुर्ची दिली होती ती बाजूला सारून खाली बसले.

"बाबा, मोठ्या टेकडीवर दगड होता का कधी?"

"व्हता," लहानूबाबा म्हणाले. "मी लहान असताना वीज पडली. दगड फुटला. खाली गडगडत गेला. मी बघितलाय."

"मी चौतीस वर्षांपूर्वी इथं आलो होतो. हद्दीच्या तपासणीला."

"ठाऊक हाय. तुम्ही आल्याबरोबर वळखलं मी." लहानूबाबांनी ओट्यावर हात ठेवला. "ताप व्हता तुमाला. माझ्या आयनं नागलीची पेज केली, ह्याच ओट्यावर पाजली. मी तवाच म्हनलो व्हतो, साहेब, वर दगड नाय. तुमचा तो भाई हसला. म्हनला, कागदात हाय."

 मी आबांकडे बघितलं. एसटीत त्यांनी तापाचं सांगितलं होतं, हे नव्हतं सांगितलं.

"हो," आबा म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं होतं."

जानकीबाई दारात उभी होती. तिने पिशवीतले कागद छातीशी धरले आणि अगदी हळू विचारलं, "म्हंजे तुमच्यामुळं?"

"माझ्यामुळं," आबा म्हणाले.

ती आत निघून गेली. थोड्या वेळाने तिचा नवरा रामू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला. ती पुन्हा बाहेर आली नाही.

पुढचा आठवडा आम्ही तालुक्याच्या गावी मुक्काम ठेवून रोज तिथे गेलो. जुन्या बाडात सतरा आणि एकोणीस नंबरपासूनची अंतरं आणि कोन होते, त्यावरून मी मशीनने अठराची जागा काढली. ती मोठ्या टेकडीच्या माथ्यावर आली, एवढ्याशा सपाट जागेत. आबा मशीनला कधी नावं ठेवत नसत. म्हणाले, "मशीन सांगतंय ते बरोबर असेल. पण गुजरातचे लोक आपलं मशीन कशाला मानतील? खाली कोळसा असला तर मानतील." मग खणायला सुरुवात केली. पाड्यावरचे चार पुरुष आले. दुसऱ्या दिवशी जानकीबाईही आली, आबांशी न बोलता घमेली उचलायला लागली. पहिले दोन दिवस नुसता मुरूम निघाला. आबा खड्ड्याच्या कडेला बसून प्रत्येक घमेलं हाताने चाळत होते. नाशिकहून आमच्या वरिष्ठ साहेबांनी फोन करून दोनदा विचारलं की टेकडीवर काय चाललंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी जानकीबाईच खड्ड्यात होती. ती म्हणाली, "हितं कुणी चूल मांडली व्हती का?"

आबा उठले. खड्ड्यात उतरले. दीड हात खोल, मुरमाच्या मध्ये एक काळी पट्टी होती. त्यांनी त्यातला तुकडा उचलला, बोटांनी चुरला, बोटं काळी झाली. त्यांनी ती बोटं जानकीबाईला दाखवली. "नाही बाई. ही चूल नाही. ही तुमची हद्द आहे." मी फोटो घेतले, मोजमापं लिहिली, पंचनामा केला. पाड्यावरची माणसं एकेक करून खड्ड्यापाशी येऊन तो कोळसा बघून गेली. लहानूबाबांचे गुडघे गेले होते, त्यांना रामू पाठीवर बसवून वर घेऊन आला. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "ठीक हाय."

एवढ्यावर काम संपायला हवं होतं, पण संपलं नाही. नाशिकला आल्यावर साहेबांनी आम्हाला बोलावलं. साहेब वाईट नव्हते, आबांचा मान ठेवणारे होते. त्यांनी अहवाल वाचला आणि म्हणाले, "उत्तम. आता एवढंच लिहा की पूर्वी तपासणी झाली त्यानंतर केव्हातरी वीज पडून दगड नष्ट झाला. विषय मिटला."

"तसं लिहिलं तर गुजरातवाले विचारतील, तुमच्या तपासणीत दगड सुस्थितीत होता आणि आजही धाकट्या टेकडीवर दगड आहे, मग हा तोच कशावरून नाही?" आबा म्हणाले. "त्यांच्या जागी मी असतो तर हेच विचारलं असतं. ती तपासणी झालीच नव्हती, हे सांगावं लागेल. आणि ते सांगणारा मी एकटाच राहिलोय. नटूभाई वारले."

"चौकशी लागेल, आबा."

"लागेल."

बाहेर आल्यावर मीही तेच केलं. जिन्यात थांबून त्यांना म्हटलं, "आबा, कोळसा सापडलाय. मशीनचे आकडे आहेत. लहानूबाबांची साक्ष आहे. एवढं पुरेल. तुम्ही स्वतःवर कशाला ओढवून घेता? इतकी वर्षं एक डाग नाही तुमच्यावर."

ते म्हणाले, "शेळकेबाई, त्या कागदावर माझी सही आहे म्हणून तो आजवर खरा धरला गेला. मी सही मागे घेतल्याशिवाय तो खोटा कसा ठरेल? आणि डाग नाही असं तुम्ही म्हणता. तो होता. तुम्हाला दिसत नव्हता."

त्यांनी एका पानाचा जबाब लिहिला. मीच तो टाइप केला. तापाचा उल्लेख त्यात नव्हता. मी म्हटलं, निदान आजारी होतात हे तरी येऊ द्या. ते म्हणाले, "ताप होता म्हणून वर गेलो नाही, हे खरं. ताप होता म्हणून खोटं लिहिलं, हे खरं नाही. त्या पोराने सांगितलं होतं. नाही म्हणून लिहिलं असतं तर पुन्हा यावं लागलं असतं, दहा दिवस वाढले असते. मला घरी जायचं होतं. नवीन लग्न झालं होतं." त्या दिवशी मला कळलं की हा माणूस विहिरीत का उतरत होता, आणि मोजणीला गेल्यावर कुणाच्या घरचं अन्न का घेत नव्हता. पण मी ते बोलून दाखवलं नाही. त्यांनाही ते नको असावं.

पुढचं सगळं सरकारी गतीने झालं. आबांना फिरतीच्या कामावरून काढून अभिलेख खोलीत बसवलं. चौकशी सुरू झाली. कार्यालयातल्या काही जणांनी बोलणं कमी केलं, काही जणांनी थट्टा केली, की बघा, हात लावणारे आबा. ते वेळेवर येत, जुनी बाडं झटकत, फाटलेल्या नकाशांना मागून कापड लावत, आणि मी काही विचारायला गेले तर पहिल्यासारखंच उत्तर देत. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी समारंभ झाला नाही. चौकशी चालू असलेल्या माणसाचा सत्कार कसा करायचा, असा प्रश्न होता. मी आणि दोन शिपाई त्यांना सोडायला गेटपर्यंत गेलो. त्यांनी तिघांशी हात मिळवला, जयभीम म्हणाले आणि देवळालीची बस पकडली. काही महिन्यांनी चौकशीत लेखी ताकीद देऊन प्रकरण बंद झालं. ते पत्र त्यांनी फाइलला लावून कपाटात ठेवलं.

त्याच हिवाळ्यात दोन्ही राज्यांची जोडीने मोजणी झाली. आमच्याकडून मी होते. गुजरातकडून आलेल्या अधिकाऱ्याने आबांचा जबाब दोनदा वाचला. मग त्याने मला विचारलं, "आमच्या बाजूची सही नटूभाईंची आहे. त्यांच्याबद्दल या जबाबात काही लिहिलेलं नाही?"

"नाही," मी म्हटलं. "आबा म्हणाले, नटूभाईंबद्दल नटूभाईंनीच बोलायला हवं होतं, आणि ते आता बोलू शकत नाहीत."

त्याने जबाब घडी करून परत दिला. नंतर खड्डा बघितला, कोळसा बघितला, आणि सही केली. मोठ्या टेकडीवर नवा दगड बसला, अठरा नंबरचा. नकाशे दुरुस्त झाले. पट्टे हातात पडायला आणखी तीन वर्षं गेली, त्या मधल्या काळात लहानूबाबा वारले.

पट्टेवाटपाच्या कार्यक्रमाला मी आबांना आग्रहाने घेऊन गेले. ते यायला तयार नव्हते. "तिथे माझं काय काम?" म्हणाले. शेवटी काकूंनी कपडे काढून ठेवले म्हणून आले आणि मंडपाच्या मागच्या रांगेत बसले. कार्यक्रम संपल्यावर जानकीबाई गर्दीतून सरळ त्यांच्यापाशी आली. पट्ट्याला जोडलेला नकाशा तिने त्यांच्या मांडीवर उघडला.

"यात आमचं कोनतं?"

आबांनी चष्मा लावला आणि बोट ठेवलं. "हे. ही वरची बाजू, हा ओढा. हा कोपरा बघा, इथे तुमचं आंब्याचं झाड."

तिने बराच वेळ नकाशा बघितला. मग म्हणाली, "सासरे पायजे व्हते."

"हो," आबा म्हणाले. "ते पाहिजे होते."

तिने नकाशा घडी घालून घेतला. नमस्कार केला नाही, आभार मानले नाहीत. जाता जाता मात्र थांबून म्हणाली, "उन्हात बसू नका. तिकडं सावली हाय." परतीच्या गाडीत आबा मला म्हणाले, "चांगली बाई आहे. माफ केलं असं खोटं बोलली नाही."

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आबा गेले. सकाळी फिरून आले, पेपर उघडला आणि तसेच खुर्चीत राहिले. मी पोचले तेव्हा काकू शांत होत्या. त्या दिवशी कार्यालयातून बरीच माणसं आली, थट्टा करणारेही आले. एक जण माझ्याजवळ येऊन म्हणाला की आता तोही दगडाला हात लावतो, कुणाला सांगत नाही एवढंच. मी रात्री उशिरा गंगापूर रोडच्या माझ्या घरी परतले, आणि दुसऱ्या दिवशी वरच्या पाड्यावर रामूला फोन करून कळवलं. त्याने "थांबा" म्हणून फोन बायकोकडे दिला. जानकीबाईने एवढंच विचारलं, "घरी कोन हाय त्यांच्या?" मी म्हटलं, काकू आहेत, मुलगी पुण्याला असते. "पत्ता सांगा," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी दोघं नवराबायको दोन एसटी बदलून देवळाली कॅम्पला आली. मी तिथेच होते. हातात स्ट्रॉबेरीच्या दोन पेट्या होत्या. त्या उतारावर आता ते स्ट्रॉबेरी लावतात, हंगामात रस्त्याच्या कडेला बसून विकतात. पेट्या कोपऱ्यात ठेवून ती दोघं खाली बसली. काकूंनी त्यांना ओळखलं नाही, मी ओळख करून दिली. काकूंना सगळं माहीत होतं. आबांनी त्यांच्यापासून काही लपवलं नव्हतं. दूर कुठेतरी तोफांचा सराव चालू होता. खिडकी थरथरली तेव्हा रामू दचकला, काकू म्हणाल्या, "रोजचंच आहे."

 मग जानकीबाई काकूंच्या जवळ सरकली.

"आई, मी खरं ते बोलते," ती म्हणाली. "तुमच्या मानसानं आमचं वाईट केलं. मग आमचं नीट बी त्यांनीच केलं. आमच्या घरात दोन्ही सांगतो आमी पोरांना. एक सांगून एक ठेवत नाय."

मी घाबरून काकूंकडे बघितलं. काकूंनी पदराने चेहरा पुसला.

"असंच सांगा," त्या म्हणाल्या. "त्यांनाही असंच सांगितलेलं आवडलं असतं." आणि मग त्या उठल्या, कारण दुपारचा एक वाजला होता आणि पाहुणे सकाळपासून उपाशी होते.